‘स्ट्रिंग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : मी धरमपेठेत सुट्टीत मुलांना लुआ भाषेत गेम बनवायला शिकवते. ‘स्ट्रिंग’ला, म्हणजे प्रोग्रॅममध्ये कोटात (अवतरणचिन्हांत) लिहिलेल्या मजकुराला, ‘अक्षरमाळ’ म्हणते, तर मुलांना वर्णमाला आठवते. दुसरा शब्द सुचवाल का?

प्रतिसाद : ‘अक्षरमाळ’ मलाही खटकतो. लुआत ‘नागपूर’ कोटात लिहून लांबी विचारा, 18 येते. आपण चार अक्षरं म्हणतो, ना-ग-पू-र. काना आणि ऊकार वेगळे धरले तर सहा चिन्हं, आणि यूटीएफ-8मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, त्या प्रत्येकाला तीन बाइट (साठवणीची एककं) लागतात. लुआ बाइट मोजते. माळ आहे खरी, पण अक्षरांची नव्हे.

शिवाय मुलं अडतात ती माळेपाशी नाही, कोटापाशी. माझ्या भाच्यानं ‘हेल्थ’ या व्हेरिएबलमध्ये (किंमत ठेवायला दिलेल्या नावात) 100 ठेवले, पण स्क्रीनवर नुसतं ‘हेल्थ’ उमटायचं. “मामा, काहून असं होते? नाव तर बरोबर लिवलं!” प्रिंटच्या कंसात त्यानं कोट घातले होते. ते काढले, 100 आले. मग स्वागताच्या ओळीत स्वतःचं नाव कोटाशिवाय लिहिलं, तर ‘निल’ (‘काहीच नाही’) आलं, कारण त्या नावाचं व्हेरिएबलच नव्हतं. मी त्याला म्हटलं, “बंडूला बोलाव म्हटलं की पोरगा येतो. ‘बंडू’ शुद्ध लिही म्हटलं की वहीत दोन अक्षरं येतात.” तेवढ्यानं त्याला समजलं.

पाणिनीनं तर यावर सूत्रच केलंय : ‘स्वं रूपं शब्दस्याशब्दसंज्ञा’ (1.1.68). व्याकरणात शब्द आला की त्याचं रूप घ्यायचं, अर्थ नाही. ‘अग्नेर्ढक्’ या सूत्रातला प्रत्यय ‘अग्नि’ या शब्दाला लागून ‘आग्नेय’ होतं. तो विस्तवाला लागत नाही, ‘पावक’ या त्याच अर्थाच्या शब्दालाही नाही. अपवाद व्याकरणाच्या संज्ञांचा. ‘वृद्धि’ म्हटलं की आ, ऐ, औ घ्यायचे, अगदी व्हेरिएबलसारखं. म्हणजे अष्टाध्यायीत साधा शब्द कोटाशिवायच स्ट्रिंग असतो! हे मला फार सुंदर वाटतं.

म्हणून माझं मत ‘अवतरण’. अवतरणचिन्ह मुलांना शाळेपासून ठाऊक आहे, आणि अवतरण म्हणजे जसंच्या तसं उतरवलेलं, हेही. बोलताना ‘स्ट्रिंग’च राहू द्या.

प्रश्नकर्ती : पटलं. पण कोट उघडून लगेच बंद केले तर? ‘रिकामं अवतरण’ म्हणू?

प्रतिसाद : म्हणा ना. चिन्हं आहेत, आत काही नाही, लांबी 0. ‘निल’ त्याहून वेगळं, तिथे अवतरणच नाही. हे दोन्ही मुलांना एकाच दिवशी दाखवा.