वार्षिक 5000 किमीचं टार्गेट की डिसेंबरची 200ची बीआरएम? आणि चढाईचा आकडा कोणाचा खरा?

नवखा_पेडल:
नमस्कार मंडळी. पुण्यात राहतो. 700×28 टायरची रोड बाईक आहे, रेकॉर्डिंग मोबाईलवर स्ट्राव्हा ॲपने. वर्षाचं टार्गेट 5000 किमी ठेवलंय. सप्टेंबरअखेर 3650 झाले, म्हणजे हिशेबाने 90 किमी मागे. सर्वात लांब राईड 104 : पुणे–शिरवळ–पुणे, जाताना जुना कात्रज घाट, येताना नवा बोगदा. डिसेंबरच्या मध्यावर 200ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची 200 किमीची राईड) करायची आहे.

प्रश्न दोन. उरलेल्या तीन महिन्यांत 5000च्या मागे लागावं की बीआरएमच्या? आणि त्याच शिरवळ राईडला माझ्या मोबाईलने 1020 मीटर चढाई दाखवली, सोबत्याच्या सायकल कम्प्युटरने 830. 190 मीटर गेले कुठे?

मागचा_दिवा:
5000चा आकडा वाईट नाही, पण तो फसवा आहे. तो गाठायला 20-20 किमीच्या चकरा मारल्या तरी चालतं, आणि डिसेंबर जवळ आला की लोक नेमकं तेच करतात. त्याने 200 किमीची तयारी होत नाही.

बीआरएमला 200 किमीसाठी 13 तास 30 मिनिटं मिळतात आणि घड्याळ थांबत नाही. चहा, पंक्चर, सिग्नल, कंट्रोलवरची (वाटेतल्या हजेरीच्या ठिकाणची) रांग, सगळं त्यातच. स्ट्राव्हा मात्र वर मिरवतो तो मूव्हिंग टाइम, म्हणजे नुसता चालता वेळ, आणि त्यावरून काढलेला सरासरी वेग. ऑटो-पॉज (थांबलात की रेकॉर्डिंग आपोआप थांबणं) चालू असेल तर तुम्ही टपरीवर 40 मिनिटं बसलात हे त्या वेगात कुठेच दिसत नाही. म्हणून नोंद ठेवायची ती इलॅप्स्ड टाइमची, म्हणजे थांब्यांसकट एकूण वेळेची. राईड उघडून खाली गेलात की सापडतो.

हिशेब मांडून बघा. चालता वेग 20 असेल तर 200 किमीला 10 तास. चार थांबे 15-15 मिनिटांचे, जेवण 40, एक पंक्चर 20 : झाले 2 तास. एकूण 12, हातात दीड तास. आता तोच वेग परतीच्या वाऱ्यात 18वर आला तर नुसत्या चालवण्यालाच 11 तास 7 मिनिटं. थांबे तेवढेच धरले तर शिल्लक 23 मिनिटं. दुसरं पंक्चर झालं की संपलं. वेग 18चा 20 करायला महिने लागतात. थांबे दोन तासांचे सव्वा तासावर आणायला फक्त शिस्त लागते.

मधल्या कंट्रोलांनाही बंद व्हायची वेळ असते. 60 किमीनंतर ती साधारण 15च्या वेगाने मोजतात : 100ला 6 तास 40 मिनिटं, 150ला 10 तास. त्यामुळे शेवटी भरून काढू हा बेत चालत नाही.

एक साधी शीट करा : तारीख, किमी, एकूण वेळ, चालता वेळ, दोन्हींतला फरक, आणि तो फरक कुठे गेला ते दोन शब्दांत. चार रविवारांत तुमचा चोर सापडतो. बहुतेकदा तो मिसळीच्या प्लेटमागे बसलेला असतो.

घाटमापी:
चढाईचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. येताना नवा बोगदा.

सोबत्याच्या कम्प्युटरमध्ये बॅरोमीटर असणार, तो हवेच्या दाबावरून उंची मोजतो. मोबाईलच्या फाईलमध्ये बॅरोमीटरची उंची नसेल तर स्ट्राव्हा नकाशावरची जमिनीची उंची घेतो. बोगद्यात नकाशाला रस्ता दिसत नाही, वरचा डोंगर दिसतो. म्हणजे कागदावर तुम्ही डोंगर चढून उतरलात. खंबाटकीच्या बोगद्यातून परत येणाऱ्यांनाही हा प्रसाद मिळतो. उंच पूल आणि कड्याला लागून कोरलेले रस्ते इथेही तेच : जीपीएस दहा-पंधरा मीटर बाजूला सरकला की नकाशा एकदम दरीतली नाहीतर माथ्यावरची उंची उचलतो.

बॅरोमीटरही देव नाही. त्याचं बारीक भोक पावसाने किंवा घामाने बुजलं की सपाटीवर चढाई वाढत जाते, नाहीतर घाटात रेघ सरळ जाते. साध्या पाण्याने धुवा, टाचणी घालू नका. आणि त्या बोगद्यातून सायकल न नेलेलीच बरी. येतानाही जुना घाट घ्या, आकडे आपोआप जुळतील.

ई_साठ:
वरच्यांच्या शीटला माझी भर. एकूण किमीपेक्षा एडिंग्टन आकडा धरा. आर्थर एडिंग्टन हे खगोलशास्त्रज्ञ, स्वतः सायकलवाले. नियम असा : जितक्या दिवशी किमान तितकं अंतर कापलं, तो तुमचा ई. ई 50 म्हणजे किमान 50 किमीचे 50 दिवस. 1944 साली ते वारले तेव्हा त्यांचा ई 84 होता, तोही मैलांत. किमी आणि मैलांचे ई एकमेकांत बदलता येत नाहीत, दोन्ही वेगळे मोजावे लागतात.

गंमत अशी की छोट्या चकरांची इथे किंमत शून्य. 49 किमीची राईड 50साठी कामाची नाही. स्ट्राव्हा जोडलं की इंटरव्हल्स डॉट आयसीयू किंवा व्हेलोव्ह्यूअर या वेबसाईट हा आकडा काढून देतात. नवखा_पेडल, यंदाच्या तुमच्या राईडा अंतरानुसार मोजून इथे टाका.

नवखा_पेडल:
फक्त यंदाचं मोजलं : 42च्या वर 43 दिवस, 50च्या वर 26, 60च्या वर 14, 75च्या वर 6, शंभरीच्या वर 1. म्हणजे ई 42?

ई_साठ:
हो, 42. तो 50 करायला वरवर आठ कमी वाटतात, पण 50च्या वरचे दिवस 26च आहेत. म्हणजे अजून 24 राईडा 50 किंवा जास्त किमीच्या. तेरा आठवडे आहेत, आठवड्याला दोन. एक मधल्या वारी पहाटे 50, एक रविवारी लांब.

24 गुणिले 50 म्हणजे 1200, आणि तुम्हाला 5000साठी हवेत 1350. रविवारच्या राईडा 50च्या बऱ्याच वर जाणार, त्यामुळे ते टार्गेट वेगळं सांभाळायची गरजच नाही. 60कडे मात्र आत्ता बघू नका, तिथे 46 राईडा कमी आहेत.

मागचा_दिवा:
मग रविवारही लावून देतो. ऑक्टोबरपासून क्रमाने : 110, 120, मग हलका 80. पुन्हा 130, 140, हलका 90. मग 150, 160, शेवटचा रविवार 80 आणि त्यानंतर बीआरएम. हलका रविवार गाळू नका, गुडघ्याचं दुखणं बहुधा तिथूनच सुरू होतं. 130साठी दिवे घाट–सासवड–जेजुरी–मोरगाव आणि परत हा रस्ता जवळपास बसतो.

परीक्षा 150ची. थांब्यांसकट साडेनऊ तासांत झाली तर 200 होईल. दहाच्या वर गेली तर वेग नको वाढवू, शीटमधला फरकाचा रकाना बघा.

खाणं भुकेची वाट न बघता, तासाला साधारण 50-60 ग्रॅम कर्बोदकं : दोन केळी, किंवा एक केळं आणि राजगिऱ्याचा लाडू-चिक्की. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. ओआरएसचं पाकीट सांगितलंय तेवढ्याच पाण्यात. अर्ध्या बाटलीत आख्खं ओतलं तर पोट बिघडतं.

चेनलूब:
मोबाईलबद्दल कोणी बोललं नाही. अँड्रॉइडवर स्ट्राव्हाचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर फोन ॲप मारून टाकतो आणि 60 किमीच्या जागी नकाशावर सरळ रेघ उरते. पॉवरबँक 10000ची पुरे. दोन यंत्रांवर रेकॉर्ड केलंत तर एकच राईड ठेवा. दोन वेगळ्या फायली स्ट्राव्हाला दोन राईडा वाटतात आणि टार्गेट खोटं फुगतं.

पुढे चाकाला सेन्सर लावलात तर घेर नीट भरा. 700×28साठी 2136 मिमी, 700×25साठी 2105. टायर बदलून आकडा तसाच ठेवला तर 200 किमीत जवळजवळ 3 किमीची चूक. पक्कं मोजायचं तर व्हॉल्व्ह खाली आणून फरशीवर खडूची खूण, सायकलवर बसून चाक एक पूर्ण फेरा पुढे, पुन्हा खूण, मधलं अंतर टेपने. न बसता मोजलं तर टायर दबत नाही आणि घेर जास्त येतो.

स्ट्राव्हाच्या वेबसाईटवर बाईकखाली चेनही पार्ट म्हणून नोंदवा. नव्या चेनचे 12 इंच 304.8 मिमी भरतात. 306.3 झाले की 0.5 टक्के झिजली, बदला. ही मोजणी नोव्हेंबरच्या आधी करा. चेन फार ताणली गेली असेल तर जुन्या कॅसेटवर (मागच्या दातेरी चक्रांच्या संचावर) नवी चेन जोर दिला की दात सोडते, आणि ते बीआरएमच्या आदल्या रात्री कळून उपयोग नाही.

नवखा_पेडल:
चेन मोजली, 305.9. चालेल ना?

चेनलूब:
0.36 टक्के. आत्ता चालेल, पण डिसेंबरपर्यंत अजून हजारभर किमी व्हायचेत. 150 आणि 160च्या मध्ये पुन्हा टेप लावा. 306.3 दिसली तर तेव्हाच बदला, म्हणजे 160च्या राईडला नवी चेन बसती होईल.