जमीन विकून आलेल्या पैशांचं काय करू?

जय ख्रिस्त सगळ्यांना. माहेरच्या जमिनीतला माझा वाटा विकून पैसे आलेत, दशमांश (देवाच्या कामासाठीचा दहावा हिस्सा) काढून ठेवलाय पण बाकीचे एफडीत टाकून गप्प बसायला मन तयार होईना. बायबलात लूक 16:9 मध्ये अनीतीच्या धनाने मित्र जोडा म्हटलंय, त्याचा अर्थ काय घ्यायचा?

उत्तर १: ताई, त्या वचनाआधी येशूने सांगितलेला दाखला आहे, नोकरी जाणार म्हणून एक कारभारी धन्याच्या कर्जदारांचं देणं लबाडीने कमी करून त्यांना आपलंसं करतो. प्रभूने त्या कारभाऱ्याच्या लबाडीचं नाही, पुढचा विचार केला त्याचं कौतुक केलंय. पंडिता रमाबाईंचं केडगाव बघा ना, जमीन घेतली ती शारदासदनाला, म्हणजे विधवा-मुलींसाठीच्या त्यांच्या शाळेला, उत्पन्न मिळावं म्हणून, आणि 1896 च्या दुष्काळात उपाशी मुली आणल्या तेव्हा तीच जमीन कामी आली, पुढे छापखाना टाकला, मुलीच छपाईचे खिळे जुळवायच्या आणि बाईंनी भाषांतर केलेलं मराठी बायबल तिथेच छापलं.

उत्तर २: मोठंच काही करायला पाहिजे असं नाही हो. आमच्या मंडळीतले एक काका भाजीचा टेम्पो चालवतात, रविवारी पहाटे धुऊन मागे सतरंजी टाकतात आणि वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना उपासनेला आणतात, कोथिंबिरीचा वास येत असतो तरी. डिझेलचे पैसे दिले तर घेतच नाहीत.

उत्तर ३: कळकळीने सांगते, कॅश कुणाच्या हातात देऊ नका. आम्ही दिलेल्या फंडाचा हिशोब आजवर मिळाला नाही, अजून दुखतं. कुणाची फी भरायची तर थेट कॉलेजच्या खात्यात भरा, पावती घ्या.

प्रश्नकर्ती: शेजारची मुलगी बारावी होऊन घरीच बसलीय, नर्सिंग करायचंय तिला. ख्रिस्ती नाहीत ते लोक, चालेल ना?

उत्तर १: येशूच्या गोष्टीत जखमी परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याने जात विचारली होती का ताई? सोमवारीच फीची चौकशी करून या.