कानातलं, माळ आणि रेफ्रीची शिट्टी

शिट्टीवाला (कोल्हापूर)
परवा इथे एकानं फुटबॉलबद्दल लिहिलं, 'पोरांच्या हातातले गंडेदोरे कापायचं एवढंच काम उरलंय रेफ्रींना.' खाली सगळे 'बरोबर, बरोबर'. चौदा वर्षं शिट्टी वाजवतोय, गप्प बसवेना.

खेळाडूच्या अंगावर काय चालतं ते सांगणारा फुटबॉलचा नियम 4 मी केलेला नाही. साखळी, अंगठी, कडं, बाळी, चामड्याचा पट्टा, रबरबँड, सगळं उतरवायचं. वर चिकटपट्टी लावून झाकलेलंही चालत नाही. का, तर 2004 साली स्वित्झर्लंडमध्ये सर्व्हेत क्लबच्या पाउलो दियोगोनं गोलच्या आनंदात कुंपणावर उडी घेतली. लग्नाची अंगठी जाळीत अडकली, तो खाली आला आणि बोटाचा तुकडा वरच राहिला. अंगाचा सगळा भार एका बोटावर आला की अंगठी तुटत नाही, बोट तुटतं. हे डोळ्यांसमोर ठेवून मी पोरांचे हात तपासतो. शिव्या द्या, मी तपासणारच.

अनघाची आई
दियोगो राहू दे बाजूला, माझ्या मुलीचं ऐका. बारा वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीत कान टोचले, दीड महिना कुड्या काढू नका म्हणून सांगितलेलं. तिसऱ्या आठवड्यात शाळेचा सामना. मी पट्टी लावून पाठवली, तर रेफ्रीनं बाहेर बसवलं. आधी कुणी एक अक्षर बोललं नव्हतं. पोर रेषेबाहेर पूर्ण वेळ रडली. आणि त्या रेफ्रीच्या हातात दोन अंगठ्या होत्या, खड्याच्या!

शिट्टीवाला
अंगठ्या घालून शिट्टी मारणं चूकच. नियम आम्हालाही आहे, वेळेसाठी घड्याळ चालतं, दागिना नाही. तेवढं मान्य. पण पट्टीचं नाही. चेंडू कानावर बसला की कुडीची मागची दांडी कानामागे घुसते. एका मुलीच्या कानाची पाळी चिरलेली मी स्वतः हातरुमालानं दाबून धरली आहे. ताई, कान हंगाम संपल्यावर टोचा, मे-जूनमध्ये.

मंगळवारपेठी
आणि मोठ्यांना? 4 डिसेंबर 2022, वर्ल्डकप, फ्रान्स-पोलंड. फ्रान्सचा ज्यूल कुंडे गळ्यात सोन्याची साखळी घालून पहिला हाफ जवळजवळ पूर्ण खेळला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, बाजूला बोलावून काढायला लावली. कार्ड नाही, काही नाही. आमच्या पोरांच्या दोऱ्याला मात्र गेटवर कात्री!

शिट्टीवाला
कार्ड कधी? काढायला नकार दिला, किंवा काढलेलं परत घातलं तर. त्यानं काढली. आधी दिसायला हवी होती, हे खरं. चौथा पंच काय करत होता, मलाही कळलेलं नाही.

माळकरी बाप
कुड्या, साखळ्या हौसेच्या गोष्टी. माझ्या मुलाच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, आळंदीत घातलेली. आमच्या घरी माळ तुटली तर परत ओवून गळ्यात पडेपर्यंत पाण्याचा घोटही घेत नाहीत. गेल्या वर्षी गेटवरच्या माणसानं 'हा नेकलेस काढ' म्हटलं. नेकलेस! पोरगा मागे फिरला. डोक्यावरच्या स्कार्फला 2014 साली परवानगी मिळाली, पगडीलाही मिळाली. मग माळेनंच काय पाप केलं?

गोलकीपर नं. 1
स्कार्फ आणि माळ एक कशी? स्कार्फ जर्सीला जोडलेला नको, त्यात टोचणारं काही नको, कुठे लोंबणारं टोक नको. माळ गळ्यात सुटी असते. कॉर्नर किकला चेंडूसाठी सहा जण उड्या मारतात, एकाचं बोट अडकलं तर गळा कुणाचा आवळेल?

माळकरी बाप
दोरा तुटेल, गळा नाही. पिढ्यान् पिढ्या माळ घालून शेतात राबलोय आम्ही. दर वेळी आमच्याच श्रद्धेला नियम आठवतात.

गोलकीपर नं. 1
शेतात मागून कुणी जर्सी ओढत नाही. आणि 'आमच्याच' कशाला? आमच्या संघातल्या ख्रिश्चन मुलानं आजीनं दिलेला क्रूस प्रत्येक सामन्याआधी काढून माझ्या आईकडे ठेवलाय. तोंडातून एक शब्द नाही काढला. उगाच जातधर्म आणू नका.

माळकरी बाप
जात मी आणलेली नाही. माळेचा अर्थ ठाऊक नसेल तर बोलू नका, एवढंच.

वारीची वाट
मला ठाऊक आहे. मीही माळकरी. बायपासच्या वेळी डॉक्टरांनी माळ काढायला सांगितली, काढली, उशाखाली ठेवली. शुद्धीवर आल्यावर पहिली तीच मागितली. विठ्ठल रागावला असेल असं मला कधी वाटलं नाही. पण दादा, 'नेकलेस' म्हणणाऱ्याचा राग मलाही आला असता.

अनघाची आई
मूळ प्रश्न पुन्हा राहिला. सामन्याच्या दिवशी गेटवर कशाला सांगता? नाव नोंदवताना पालकांना चिठ्ठी द्या. कान टोचायचे कधी, माळ उतरवायची का, ते घरी बसून ठरवू. दहा वर्षांच्या पोरानं रांगेत उभं राहून ठरवायची गोष्ट आहे का ती?

शिट्टीवाला
चिठ्ठीचं बरोबर आहे. पुढच्या बैठकीत मांडतो. कात्रीही बंद व्हायला हवी. नियमात काढा म्हटलंय, कापा कुठेही म्हटलेलं नाही. माळकरी बाप, शनिवारी तुमच्या मुलाला अर्धा तास आधी आणा. माळ तुम्ही स्वतःच्या हातानं उतरवा, स्वतःच्या गळ्यात घाला, शेवटच्या शिट्टीपर्यंत रेषेबाहेर माझ्या नजरेसमोर उभे राहा. मैदानात मात्र माळ घालून सोडणार नाही.

माळकरी बाप
घरी विचारतो. त्याची आजी काय म्हणते त्यावर आहे.