अनुभव धागा : दुसऱ्या गेमचा फायटर रोस्टरमध्ये (गेमच्या पात्रयादीत) आला की काय टिकतं, काय जातं?

तापीकाठ (भुसावळ), धागाकर्ता

एसएनके कंपनीचा मारामारीचा गेम किंग ऑफ फायटर्स ९७ आपल्याकडे पार्लरमध्ये आणि नंतर मोबाईलच्या एम्युलेटरवर इतका रुळला, की तो मुळात क्रॉसओव्हर आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. टेरी 'फेटल फ्युरी'तून आलाय, रियो 'आर्ट ऑफ फायटिंग'मधून, राल्फ-क्लार्क 'इकारी वॉरियर्स'मधून, अथेना 'सायको सोल्जर'मधून. १९९४ च्या पहिल्या भागात तिघांचे आठ ठरलेले संघ होते, एकूण २४ जण. आपल्या पसंतीचे तिघे निवडायची सोय १९९५ च्या भागात आली.

माझं मत आधीच सांगतो. पात्राची ओळख त्याच्या स्पेशल मूव्हमध्ये (दिशा-बटणांच्या ठराविक क्रमाने निघणाऱ्या खास डावात) कमी आणि चालण्या-उडण्यात जास्त असते. ९७ मध्ये चार प्रकारच्या उड्या आहेत. वरची दिशा नुसती टिचकीसारखी दाबली की छोटी उडी. आधी खाली आणि लगेच वर-पुढे टिचकी, की लांब पल्ल्याची छोटी उडी. तेच दाबून धरलं की मोठी लांब उडी, आणि चौथी साधी. इयोरीचा सगळा दबाव या छोट्या उड्यांवर उभा आहे. त्याचा जमिनीवरून सरकणारा जांभळा जाळ प्रत्येक गेमात जसाच्या तसा आणता येईल, पण छोटी उडी नसलेल्या गेमात तो इयोरी अर्धाच राहतो.

लिहिताना एवढंच बघा: आवडतं पात्र कोण हे नको. ते परक्या घरात गेल्यावर त्याचं काय झालं ते बटणं, फ्रेम (सेकंदाचा साठावा भाग), कारणं यांसकट लिहा.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

भाऊ, तुनं म्हननं बराबर शे. याचा सगळ्यात मोठा पुरावा कॅपकॉम विरुद्ध एसएनके २ (२००१). त्यांनी हालचाल पात्राला न बांधता 'ग्रूव्ह'ला बांधली. सी, ए, पी, एस, एन, के असे सहा ग्रूव्ह. एन म्हणजे ९७ चा अ‍ॅडव्हान्स्ड मोड: धावणं, लोळण, सुपरसाठी (सगळ्यात जोरदार मूव्हसाठी) साठवलेले स्टॉक. एस म्हणजे एक्स्ट्रा मोड: सुपरची पट्टी हाताने चार्ज करायची आणि जागच्या जागी अंग चुकवायचं. पी मध्ये पॅरी, म्हणजे आलेला फटका ऐन वेळी झटकून टाकणं. के मध्ये ऐन वेळी गार्ड केला (फटका अडवला) की रागाची पट्टी वाढते, आणि मार खाल्ला तरी वाढते. धावणं आणि छोटी उडी एस, एन, के या तिघांत आहे, सी आणि ए मध्ये दोन्ही नाही. म्हणजे एन निवडला की कॅपकॉमचा रियूसुद्धा छोट्या उडीने अंगावर येतो, आणि सी निवडला की एसएनकेचा क्यो जमिनीवर खेळायला लागतो. दोन्ही कंपन्यांचे खेळाडू आपापल्या सवयीने एकाच सामन्यात खेळू शकतात. पाहुण्याला न्याय देण्याची यापेक्षा चांगली रचना मला माहीत नाही.

रोस्टरच्या समतोलासाठी रेशो, म्हणजे पात्राच्या ताकदीचा गुण, आहे. एकूण चार गुण, ते एक ते तीन पात्रांत वाटायचे: २-१-१, २-२, ३-१ किंवा एकट्याला ४. आधीच्या २००० च्या भागात प्रत्येक पात्राचा रेशो कंपनीनेच ठरवला होता, अकुमाला ४. त्यामुळे मनासारखा संघ जमवणं अवघड जायचं. तो निर्णय खेळणाऱ्याकडे दिला हे फार योग्य झालं.

बिघडलं ते लोळणीत. लोळण सुरू झाल्यावर पहिल्या तीन फ्रेममध्ये स्पेशल मूव्हची कमांड पूर्ण केली, की लोळणीचं अभेद्यपण त्या मूव्हला चिकटतं. ब्लांकाची वीज एरवी धोका पत्करून वापरायची मूव्ह, या दोषामुळे ती न थांबवता येणारी भिंत होते. तीन फ्रेम म्हणजे सेकंदाचा विसावा भाग, पण सरावाने जमतं. परिणाम असा की लोळण असलेले ग्रूव्ह वरचढ ठरतात आणि पी, एस, के ला उत्तर शोधत बसावं लागतं. मूव्ह ठरवताना ती आधीची कोणती मूव्ह मध्येच तोडून (रद्द करून) काढता येते हे तपासलं नाही, तर असं होतं.

पांझराकाठ (धुळे)

संख्येबद्दल लिहितो. मार्व्हल विरुद्ध कॅपकॉम २ (२०००) मध्ये ५६ पात्रं, दोन्ही बाजूंची २८-२८. पोस्टरवर छान दिसतं. प्रत्यक्ष स्पर्धेत मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनेल, केबल हे चौघे फिरून फिरून येतात. कारण हालचालच आहे: मॅग्नेटो आणि स्टॉर्म आठही दिशांना हवेत झेप घेतात, सेंटिनेल उडतो, केबल अख्ख्या पडद्यावर गोळ्या मारतो. जमिनीवर चालणारं पात्र त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

तरीही ५६ फुकट गेले असं मी म्हणणार नाही. प्रत्येक पात्राला अल्फा, बीटा, गॅमा असे असिस्टचे (बाहेरच्या साथीदाराने क्षणभर येऊन केलेल्या मदतीचे) तीन प्रकार आहेत. सायलॉक किंवा कॅप्टन कमांडो मुख्य फायटर म्हणून दुय्यम, पण त्यांचा हवेतल्याला पाडणारा असिस्ट (सायलॉकचा अल्फा, कमांडोचा बीटा) सोन्याचा. पात्राला जिंकायची ताकद देता येत नसेल तर निदान एक काम द्यावं, हे त्या गेमने दाखवलं.

अल्टिमेट मार्व्हल विरुद्ध कॅपकॉम ३ (२०११) मध्ये फीनिक्स राइट बघा, 'एस अटर्नी' या कोर्टाच्या गेममधला वकील. वकिलाला फायटर कसं करायचं? तपासाच्या मोडमध्ये तो पुरावे गोळा करतो, जास्तीत जास्त तीन ठेवतो, मग कोर्टाच्या मोडमध्ये जातो आणि आक्षेप लागला की खरी ताकद उघडते. मूळ गेमचा क्रमच मूव्हमध्ये उतरलाय. अडचण अशी, की पुरावे गोळा करायला मोकळा वेळ लागतो आणि त्या गेमात वेळ कोणी देत नाही. त्याला तिसऱ्या जागी ठेवून, पुढच्या दोघांच्या असिस्टने समोरच्याला अडकवूनच खेळवावं लागतं.

आरोग्याचा आकडाही डिझाइनच आहे. तिसऱ्या भागात सुरुवातीला सेंटिनेलला १३,००,००० आरोग्य होतं, पॅचमध्ये ९,०५,००० केलं. मूव्ह एकही न काढता त्याचा दबदबा उतरला.

बोरीकाठ (अमळनेर)

थ्रीडीत टूडीचा पाहुणा आणायचा तर टेकन ७ बघा. 'स्ट्रीट फायटर'चा अकुमा आणि 'फेटल फ्युरी'चा गीस यांना स्वतःचा मीटर (खर्चायच्या ताकदीची पट्टी) दिला, एलायझा सोडली तर मूळ टेकनवाल्यांना तो नाही. ते दोघे उंच टूडी उड्या मारतात आणि मीटर खर्चून मूव्ह रद्द करतात. टेकनच्या हवेत उचलून मारायच्या कॉम्बोला (सलग लागणाऱ्या फटक्यांना) हे जोडलं की नुकसान भयंकर वाढतं, आणि समोरच्याला त्या दोघांपुरते वेगळे नियम पाठ करावे लागतात. 'फायनल फँटसी'चा नॉक्टिस, 'वॉकिंग डेड'चा नेगन मीटरशिवाय आले. नॉक्टिसला शस्त्राचा लांब पल्ला दिला, पण चौकट टेकनचीच ठेवली. मला नॉक्टिसची पद्धत पटते.

आकड्यांचाही फरक लक्षात घ्या. टेकनमध्ये साधा जॅब (हलका ठोसा) लागायला १० फ्रेम, स्ट्रीट फायटर ६ मध्ये सगळ्यात वेगवान लाइट फटक्याला ४ फ्रेम. मूव्ह उचलून आणताना फ्रेमही तशाच आणल्या, तर तो फायटर एकतर मुंगीच्या गतीचा होतो नाहीतर अजिंक्य. पोझ मूळची ठेवावी, फ्रेम यजमानाच्या.

स्ट्रीट फायटर एक्स टेकन (२०१२) मध्ये संघातल्या दोघांपैकी एकाचं आरोग्य संपलं की फेरी हरली. साहजिकच जखमी झालेला लगेच आत जातो, आत बसून बरा होतो, आणि सामने वेळ संपेपर्यंत रेंगाळतात. पात्रं चांगली होती, नियमाने खेळ संथ केला.

वाघूर (जामनेर)

निन्टेंडोच्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स'बद्दल थोडक्यात. तिथे आरोग्य घटत नाही, नुकसान टक्क्यांत वाढत जातं. स्मॅश अल्टिमेटमध्ये रियूचा हादोकेन (हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा) एका बटणावरही निघतो, पण दिशेची पाव चक्कर फिरवून मारला तर जास्त जोरदार निघतो. टेरीचे पॉवर गीझर आणि बस्टर वुल्फ नुकसान १०० टक्क्यांवर गेल्यावरच उघडतात. एसएनकेच्या जुन्या गेममध्ये जीव कमी झाला की सुपर मिळायचा, तोच नियम टक्क्यांत बसवला. इतकं नेमकं रूपांतर क्वचित दिसतं.

गोमाई (शहादा)

स्वतःचा रोस्टर जमवायचा असेल तर मुजेन हे फायटिंग गेम बनवायचं इंजिन, किंवा त्याच धर्तीचं मुक्त स्रोताचं इकेमेन गो. साधा लॅपटॉप पुरतो. चुका नेहमी याच ठिकाणी होतात:

पात्र दिसतच नाही: फोल्डरचं नाव आणि आतल्या डेफ फाईलचं नाव सारखं नसतं. सारखं करा, नाहीतर सिलेक्ट.डेफ मध्ये फाईलचा पूर्ण मार्ग लिहा.

सुपरऐवजी हादोकेन निघतो: कमांडच्या फाईलमध्ये अवघड कमांड आधी, सोपी नंतर लिहायची. दोन पाव चक्करांची कमांड एका पाव चक्करच्या खाली गेली तर इंजिन सोपीच आधी पकडतं. कमांडची मुदत १५ टिकची (टिक म्हणजे फ्रेमच) असते, दोन पाव चक्करांना ती ३० च्या आसपास करा.

एकाच्या तीन फटक्यांत दुसरा खलास: प्रत्येकाने आपापल्या मूळ गेमचं नुकसान ठेवलेलं असतं. आरोग्य १००० धरून सगळ्यांना एका मापात आणा. मी लाइट २० ते २५, हेवी ७० ते ८०, स्पेशल ८० ते १००, एका लेव्हलचा सुपर २५० ते ३०० ठेवतो.

संपतच नाही असा कॉम्बो: हवेतल्या फटक्यांसाठी १५ जगल गुण (पडणाऱ्याला हवेतच पुन्हा मारायची मर्यादा) असतात. मूव्हच्या स्टेटमध्ये जगलची किंमत लिहायची राहिली की हिशोब चुकतो. कोपऱ्यात मारणारा मागे सरकतोय का तेही बघा. सरकत नसेल तर लाइट पंचनेच सामना संपतो.

फटका लागलाय असं दिसतं पण लागत नाही: डीबगमध्ये चौकटी चालू करा. लाल चौकट मारणारी, निळी मार खाणारी. वेगवेगळ्या गेमच्या स्प्राइटची (पात्राच्या चित्रांची) उंची जुळवताना लोक चित्र लहान करतात, पण चौकटी आणि वेग तसेच राहतात.

एकवीरा_आखाडा (धुळे)

गोमाईताई, यादी जपून ठेवली. रोस्टरमध्ये यात्रेच्या दंगलीतला मल्ल घालायचाय. स्ट्रीट फायटर २ (१९९१) पासून भारतीय म्हटलं की ढालसिमचा योगा, कुस्ती फारशी कोणी आणली नाही. कच्चा आराखडा: एकेरी पट १४ फ्रेम, ५ व्या फ्रेमपासून वरचं अंग अभेद्य, गार्ड झाल्यास १२ फ्रेम उघडा. धोबीपछाड अर्ध्या चकरेची कमांड ग्रॅब (दिशा फिरवून मारायची पकड), ६ फ्रेम, हुकली तर ४० फ्रेम उभा. घिस्सा फक्त समोरचा खाली असताना. ढाक म्हणजे हाताच्या फटक्याला पकडून उलटवणं.

गोमाई (शहादा)

दादा, घिस्सा खालच्यावर ठेवलात हे आखाड्याला धरून आहे, पण इंजिनमध्ये पडलेल्याला लागू होईल असा वेगळा ग्रॅब लिहावा लागेल, आणि एका कॉम्बोत एकदाच. नाहीतर तो पुन्हा पुन्हा लागेल.

तापीकाठ (भुसावळ)

९७ सारख्या यजमानात तुमच्या मल्लाला छोटी उडी खाऊन टाकेल. ग्रॅब उडीतल्याला लागत नाही आणि ढाक हातापुरताच. उभ्याने मारायचा, खांद्याच्या उंचीचा ५ फ्रेमचा लाइट पंच द्या, उडी तिथेच तुटली पाहिजे. मार्व्हलसारखा यजमान असेल तर कॅपकॉमच्या हॅगर या कुस्तीगिराचा धडा घ्या: त्याचा गोल फिरणारा लॅरिएट असिस्ट म्हणून अभेद्य आहे, म्हणून ग्रॅपलर (पकडीवाला) असूनही संघात जागा मिळते. तुमची कलाजंग तशी असिस्टला ठेवता येईल.

नवीन_सदस्य (पारोळा)

कीबोर्डवर खाली-पुढे आणि दोन बटणं एकदम दाबली की एक दाब गायब होतो. गेम बिघडलाय का?

गोमाई (शहादा)

गेम नाही, कीबोर्ड. स्वस्त मेंब्रेन कीबोर्डमध्ये एकाच पट्ट्यातल्या तीन-चार कळा एकत्र ओळखल्या जात नाहीत. दिशा डावीकडच्या अक्षरांवर आणि फटके उजवीकडच्या नंबरपॅडवर घ्या, मग नोटपॅडमध्ये चारही कळा एकदम दाबून किती उमटतात ते बघा. तरी एखादी गळत असेल तर सगळ्यात कमी लागणारं बटण दुसऱ्या ओळीत हलवा. एकत्र दाबायच्या दोन फटक्यांना एकच कळ नेमून दिली की लोळणीसारख्या दोन बटणांच्या मूव्हचा प्रश्न सुटतो.