वस्तीतल्या पोरींसाठी खो-खो सुरू करायचाय, मैदानाचं आणि आईबापांचं कसं जमवावं?

गोदाकाठ_परभणी

नमस्कार मंडळी. मी परभणीची, आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात संध्याकाळी पोरींची अभ्यासिका चालवते. बहुतेक घरं रोजमजुरीवर, आया धुणीभांडी करतात नाहीतर मोंढ्यात धान्य निवडायला जातात, बाप मिस्तरीच्या हाताखाली नाहीतर हमालीला, आणि काही घरं दिवाळी झाली की कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. पोरी हुशार आहेत हो, पण सहावी-सातवीनंतर एकेक जण गप्प व्हायला लागते, मग अभ्यासिकेत येणं कमी होतं, मग कळतं की स्थळं बघायलेत.

समाजमंदिराच्या मागं मोकळी जागा आहे, तिथं पोरं दिवसभर क्रिकेट खेळतात आणि अंधार पडला की पिणारे येऊन बसतात. पोरींना त्या जागेवर पाय ठेवायची सोय नाही. मला तिथं रोज एक तास फक्त पोरींचा हवाय, खो-खो किंवा कबड्डी, जे जमेल ते. शाळेत असताना मी थोडं खेळलेय पण शिकवायचा अनुभव नाही. पोरांना कसं समजवायचं, आईबाप "काळी पडेल, लोक नावं ठेवतील, आता मोठी झाली" म्हणतात त्यांना काय सांगायचं, आणि पैसे जवळजवळ नाहीतच तर सुरुवात कशी करायची? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

खांबाजवळची (धाराशिव)

ताई, आधी खो-खोच घ्या. कबड्डी वाईट नाही, पण त्यात पकड असते, अंगाला अंग लागतं, पडझड होते, आया पहिल्याच आठवड्यात बिचकतात. खो-खोला दोन खांब, फक्की (रेघा मारायची पांढरी पूड) आणि मोकळी जागा एवढंच लागतं. आमच्या धाराशिवात पोरींचा खो-खो कसा वाढला ते बघा ना, साध्या मातीच्या मैदानांवरच वाढला. सारिका काळे इथलीच, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या कॅप्टनशिपखाली भारताला सोनं मिळालं, २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि घरची परिस्थिती काय होती ते इथं सगळ्यांना माहितीय. तिचं नाव वस्तीतल्या आयांना सांगा, फोटो दाखवा, आपल्याकडची पोरगी आहे म्हणलं की चेहरे बदलतात.

आता जागेचं. पूर्ण मैदान २७ बाय १६ मीटरचं असतं आणि आठ जणी पाटीवर, म्हणजे दोन खांबांच्या मधल्या रेघेवर आखलेल्या बसायच्या चौकोनात, बसतात. तुमच्याकडं तेवढी जागा नसली तर घाबरू नका, पाच पाट्या आखा, खांबातलं अंतर कमी करा, शिकायला तेवढं पुरतं. पहिलं काम काचा वेचायचं. पिणारे बसतात म्हणताय म्हणजे मातीत काचा असणारच आणि पोरी अनवाणी खेळणार. एका रविवारी सगळ्या जणींनी, शक्यतो आयांनासुद्धा घेऊन, चाळण लावून माती चाळा. आपली काळी माती पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पाय मुरगळतात, म्हणून एक-दोन ट्रॅक्टर बारीक मुरूम पसरून पाणी मारून दाबून घ्या. मुरमासाठी वर्गणी मागताना लोक नाही म्हणत नाहीत, नगदी पैसे मागितले की म्हणतात.

क्रिकेटच्या पोरांशी भांडू नका. साडेचार ते साडेपाच, सहा, जी वेळ ठरेल ती ठरवून घ्या आणि त्यांच्यातल्याच मोठ्या दोघांना फक्की मारायचं काम द्या. ज्यानं रेघ मारली तो दुसऱ्याला त्या रेघेवर पिच टाकू देत नाही, हे मी डोळ्यानं बघितलंय.

शिकवायचं म्हणाल तर पहिले काही दिवस खांबाचं नावच काढू नका. लंगडी, साखळी, पकडापकडी, नुसतं पळणं. मग बसायचं कसं ते शिकवा, एकीचं तोंड इकडं तर शेजारणीचं तिकडं, उठताना हात टेकून ताडकन उठायचं. आणि खो द्यायला शिकवताना घाई करू नका. पाठीला हात लावणं आणि "खो" म्हणणं एकाच वेळी झालं पाहिजे आणि ते ऐकू आलं पाहिजे, नाहीतर फाऊल. आमच्याकडं एक पोरगी होती, घरात चौघी बहिणी, ती खो द्यायची तर ओठ हलायचे फक्त. समोरची उठायचीच नाही, डाव तिथंच अडकायचा, बाकीच्या चिडायच्या. आमच्या मॅडमनी तिला रागावलं नाही, रोज शेवटी दहा मिनिटं सगळ्यांना नुसतं ओरडायला लावायच्या, खांबापासून लांब लांब जात. दिवाळीपर्यंत त्या पोरीचा खो रस्त्यावर ऐकू यायला लागला. पुढं वर्गात सरांना "मला कळलं नाही, परत सांगा" म्हणणारी पण तीच.

पीटी_सर_बीड

वरच्या ताईंनी मैदानाचं चांगलं सांगितलंय, मी कागदांचं सांगतो कारण आपल्याकडं पोरी गुणांमुळं कमी आणि कागदांमुळं जास्त मागं राहतात. तुमच्या पोरी ज्या शाळांत जातात तिथल्या क्रीडा शिक्षकांना आधीच जाऊन भेटा. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटात होतात, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात, आणि पोरगी शाळेच्याच नावानं उतरते, वस्तीच्या नाही. जन्माचा दाखला, आधार, बोनाफाईड हे आत्ताच गोळा करून एका फाईलीत ठेवा. जन्मतारखेत घोळ असलेल्या पोरी ऐन वेळी बाद होतात आणि मग जे रडतात ते बघवत नाही.

आईबापांशी बोलताना पदकाची स्वप्नं दाखवू नका, कामाचं सांगा. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पोलीस भरतीला मैदानी चाचणी असते आणि पळायची सवय असलेली पोरगी तिथं पुढं असते. हे बापाला पटतं. आमच्याकडं तर पोलीस भरती म्हणलं की अर्धा विरोध संपतो.

आता कोयत्यावर जाणाऱ्या घरांचं. आमच्या जिल्ह्यात हा रोजचा विषय आहे. सातवीतली पोरगी एकटी मागं कोणाजवळ ठेवायची म्हणून सोबत नेतात, तिथं ती धाकटं भावंड सांभाळते, स्वयंपाक करते, आणि फडावर तरणी पोर सांभाळायचं टेन्शन नको म्हणून लग्न उरकतात. एनएफएचएस ५ चे, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे, आकडे बघा, २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये १८ च्या आत लग्न झालेल्या परभणीत ४८ टक्के आहेत, आमच्या बीडमध्ये ४३.७, अख्ख्या राज्याचे २२ च्या आसपास. दसऱ्याच्या आधीच प्रत्येक घरी जाऊन विचारा, पोरगी आजीजवळ राहील का, वसतिगृहात जागा मिळेल का. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहं काढलीत, समाजकल्याणच्या ऑफिसात चौकशी करा. टीममध्ये नाव आहे, पुढं मॅचेस आहेत, हे कारण आजीला आणि बापाला दोघांनाही सांगता येतं, नुसतं "शिकू द्या" म्हणण्यापेक्षा ते जास्त चालतं.

तिघींची_आई (नांदेड)

मी आईच्या बाजूनं लिहिते. "लोक नावं ठेवतील" म्हणणारी बाई अडाणी नसते हो. तिला माहिती असतं की पोरीला कोणी काही बोललं तर दोष पोरीलाच लागणार आणि नवरा तिलाच बोलणार. म्हणून तिला भाषण देऊ नका, तिच्या प्रश्नांची उत्तरं द्या. शिकवणार कोण, बाई की बाप्या? सोडायला-आणायला कोण? कपडे काय? पाळी आली तर? लघवीला कुठं जायचं?

माझ्या पोरींच्या वेळेस आम्ही आयांनी आळीपाळीनं बसायचं ठरवलं होतं, रोज एक आई मैदानावर बसायची, भाजी निवडायची, शेंगा फोडायची पण नजर मैदानावर. त्यानं दोन गोष्टी झाल्या, टवाळखोर पोरं फिरकायची बंद झाली आणि आयांना खेळ आवडायला लागला. ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी खेळ ठेवूच नका नाहीतर वेळ बदला, कारण पाणी भरायचं काम पोरींचंच असतं आणि त्या दिवशी जी येईल तिला घरी बोलणी बसतील. कपड्यांचं म्हणाल तर ट्रॅक पँट आणि ढगळा टी-शर्ट, कोणाला ओढणी बांधून खेळायचंय, कोणाला डोक्याला स्कार्फ बांधायचाय तर बांधू द्या, फक्त पिना नकोत. आमच्या मोहल्ल्यातल्या मुस्लिम पोरी स्कार्फ बांधून इतक्या सपासप पळायच्या की बास.

आणि समाजमंदिराच्या संडासाची चावी पोरींच्या हातात द्या. हे सगळ्यात आधी करा. चावी नसली तर मोठ्या पोरी येणारच नाहीत आणि कारणही सांगणार नाहीत.

अजून एक, पोरी उपाशी येतात. सकाळी चहा-खारी, दुपारी शाळेतला भात, आणि संध्याकाळी पळायला लावलं की डोळ्यापुढं अंधारी. भिजवलेले हरभरे, गूळ-शेंगदाणे मूठभर द्या. शाळेत आठवड्याला जी लोहाची निळी गोळी मिळते ती पोरी फेकून देतात, उलटी होते म्हणून. जेवल्यावर घ्या म्हणावं. आशाताईला एक दिवस मैदानावर बोलवा, एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) तपासून घ्या.

लातूरकर_मावळतीची

पीटी सरांचं बाकी सगळं मान्य पण एका गोष्टीवर बोलायचंय. स्पर्धा डोळ्यापुढं ठेवून सुरुवात केली की बारा जणींची टीम निघते आणि उरलेल्या वीस जणी कडेला बसतात. आणि कडेला कोण बसतं? जी जाड आहे, जी बुजरी आहे, जिला दम लागतो, जी भावाला कडेवर घेऊन येते. म्हणजे ज्यांच्यासाठी हे चालू केलं त्याच. माझ्या ओळखीच्या एका वस्तीत असंच झालं, टीम जिल्ह्याला गेली, फोटो आला पेपरात, आणि पुढच्या वर्षी मैदानावर फक्त ती टीमच उरली. मला त्याचं फार वाईट वाटतं.

झारखंडमध्ये रांचीजवळ युवा नावाची संस्था आहे, २००९ पासून गावातल्या पोरींचं फुटबॉल चालवतात, त्यांच्या पोरी २०१३ ला स्पेनला जाऊन तिसऱ्या आल्या, पण त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट ती नाही. तिथं मोठ्या पोरीच लहान पोरींच्या कोच होतात. तुम्ही पण हेच करा. चौदा-पंधराच्या चौघी-पाच जणी निवडा, प्रत्येकीला सात-आठ लहान पोरी सांभाळायला द्या. हजेरी तीच घेणार, न आलेल्या पोरीच्या घरी तीच जाणार. घरात जिला कोणी विचारत नाही तिच्या हातात शिट्टी आणि वही आली की तिचं चालणं-बोलणं बदलतं.

हजेरीची वही नीट ठेवा. रोज येणारी पोरगी सलग दिसली नाही तर त्याच आठवड्यात घरी जा. एकदा आमच्याकडं अशीच विचारपूस केली तर कळलं की मामाच्या गावाला नेलंय, हळद लागायला दोनच दिवस होते. १०९८ ला, म्हणजे मुलांच्या मदतीच्या हेल्पलाईनला, फोन गेला आणि लग्न थांबलं. पण त्यानंतर त्या घरानं आमच्याशी बोलणं सोडलं आणि बाकीच्या आयाही काही दिवस बिचकल्या, तेव्हा फोन करणारीचं नाव बाहेर येऊ द्यायचं नाही आणि पोरीच्या मागं नंतरही उभं राहायचं, एवढी तयारी ठेवूनच हे करा.

आणि बाहेरचा कोच आणला तर तो कितीही भला असो, मैदानावर एक बाई कायम पाहिजे. प्रवासाला गेल्यावर तर दोन. पोरीला एकटीला गाडीवर सोडायचं नाही, एकटीला जास्तीच्या प्रॅक्टिसला बोलवायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाका म्हणजे नंतर कोणाला राग यायचं कारण नाही.

पीटी_सर_बीड

लातूरच्या ताई, कडेला बसणाऱ्या पोरींचं म्हणणं पटलं. पण स्पर्धा पूर्ण सोडू नका असं मी तरी म्हणेन, कारण आमच्या पोरींनी जिल्हा सोडून बाहेरचं जग पहिल्यांदा बघितलं ते मॅचमुळंच. एसटीत खिडकीला बसण्यावरून भांडत गेल्या होत्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, प्रियंका इंगळेच्या टीमनं फायनलला नेपाळला हरवलं, ती मॅच आम्ही शाळेच्या प्रोजेक्टरवर लावली होती, पोरी खुर्च्यांवर उभ्या राहून ओरडत होत्या. तेवढं त्यांना मिळालं पाहिजे. मधला रस्ता असा काढा, वर्षातून एकदा वस्तीतल्या वस्तीत स्पर्धा घ्या, सगळ्या पोरींच्या मिसळून टीम पाडा, चांगल्या खेळणाऱ्या एकाच टीममध्ये जाऊ देऊ नका, बक्षीस म्हणून वह्या. आणि ज्यांना पुढं जायचंय त्यांची प्रॅक्टिस तास संपल्यावर वेगळी घ्या, सगळ्यांच्या तासातून वेळ काढू नका.

गोदाकाठ_परभणी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. आज दोघी आयांना चावीचं विचारलं तर त्या म्हणाल्या आम्ही हेच कधीपासून म्हणायलोत. समाजमंदिराची चावी सध्या कमिटीच्या एका काकांकडं असते, उद्या त्यांच्याशी बोलते, नाही ऐकलं तर आयांना घेऊन जाते. रविवारी माती चाळायची ठरवलीय. नवव्या इयत्तेतल्या तिघी जणी कोच व्हायला तयार आहेत, चौथ्या पोरीचे वडील नाही म्हणालेत, त्यांना पोलीस भरतीचं सांगून बघते.

खांबांचं विचारायचं राहिलं. इथं एक जण लोखंडी पाईप फुकट देतो म्हणतोय, चालेल का?

खांबाजवळची (धाराशिव)

पाईप नका घेऊ. पोरी पळता पळता खांबाला हात घालून वळतात, खांबावर सूर मारतात, पाईपाला गंज धरला की तळहात फाटतात आणि उन्हात तो तापतो. लाकडाचेच घ्या, जमिनीच्या वर १२० ते १२५ सेंटिमीटर, जाडी ९ ते १० सेंटिमीटर, वरपासून खालपर्यंत सारखा गोल. सुताराकडून रंधा आणि पॉलिशपेपर मारून घ्या, वरचं टोक गुळगुळीत करा आणि खड्डा खोल घेऊन खडी-सिमेंट भरून पक्का बसवा, हलता खांब धोक्याचा. पाईप देणाऱ्या माणसाला म्हणावं त्या पैशात मुरमाची एक ट्रॉली टाक.