मेडिकल कॉलेज निवडताना नेमकं काय बघावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दोन मेडिकल कॉलेजांत जागा मिळते आहे आणि आठवडाभरात एकाला होकार कळवायचा आहे. वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्समध्ये दोन्हींची नावं आहेत, मान्यतेचे कागदही पाहिले. अडलंय ते शिकवण्याच्या पद्धतीवर.

पहिलं जुन्या वळणाचं. आधी दोन वर्षं ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री आणि मग वॉर्ड. दुसऱ्यात प्रॉब्लेम बेस्ड लर्निंग, म्हणजे कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं १९६९ मध्ये सुरू केलेली पद्धत. सात-आठ जणांचा गट, समोर एक केस: छातीत दुखतंय, दरदरून घाम सुटलाय. त्यावरून हृदयाचा रक्तपुरवठा, तपासण्या, औषधं सगळं आपणच वाचून पुढच्या बैठकीत मांडायचं. पेशंटही पहिल्या वर्षापासून. मला हे मनापासून आवडलंय, पण ॲनाटॉमीचा पाया कच्चा राहिला तर तो नंतर भरून निघतो का?

दोन्हीकडे जाऊन आले. पहिल्या कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे जिथे मृतदेह कापून शरीररचना शिकतात तिथे, एका टेबलाभोवती पंधराएक मुलं होती. स्काल्पेल एकाच्याच हातात, मागच्या दोघी टाचा उंचावून बघत होत्या. दुसरीकडे मुलं स्वतः डिसेक्शन करतच नाहीत, आधी कापून ठेवलेले नमुने आणि स्क्रीनवर शिकतात. पण तिथल्या वॉर्डात एक विद्यार्थिनी आजींच्या छातीला लावण्याआधी स्टेथोस्कोप तळहातावर चोळून गरम करत होती. शेजारी उभ्या सरांनी घाई केली नाही. ते काही डोळ्यांसमोरून हलत नाही.

घरचे रँकिंग दाखवतात, त्यात पहिलं बरंच वर आहे. पण त्या याद्यांमध्ये संशोधन आणि नावलौकिक यांनाच मोठं वजन असतं. खाटेपाशी उभं राहून कोण शिकवतं, हे त्यातून कळत नाही.

जे या शिक्षणातून गेले आहेत त्यांनी कृपया सांगा: डिसेक्शन न करता शिकलेल्यांना सर्जरीच्या पोस्टिंगला जड गेलं का? ओस्कीसारख्या परीक्षेत, जिथे प्रत्येक स्टेशनवर परीक्षक आपल्याला तपासणी करताना पाहतात, चूक कुठे झाली ते नंतर कुणी बसून सांगतं का? आणि रुग्णालयात खाटा किती यापेक्षा एका खाटेमागे विद्यार्थी किती, हे विचारलं तर खरं उत्तर मिळतं का?

उद्या संध्याकाळी दुसऱ्या कॉलेजच्या एका सीनियरशी फोनवर बोलायचं आहे. तिला आणखी काय विचारू?