केक मधोमध बसतोय, कुणी सांगाल का?

ए-२०३: मंडळी, मदत हवी आहे. व्हॅनिला केक सलग तिसऱ्यांदा बसला. कडा छान फुगतात, वरून रंगही येतो, पण ओव्हनमधून काढून दहा मिनिटं होत नाहीत तोच मधोमध खड्डा. फोटो टाकलाय, हसू नका.

बी-१०१: खड्ड्यात क्रीम भरा. कुणाला कळतंय!

सी-५०२: क्रीम नंतर. किती तापमानाला भाजलास, किती वेळ? आणि मधे दार उघडलंस का?

ए-२०३: काकू, १८० वर ३५ मिनिटं, रेसिपीत होतं तसंच. दार एकदाच उघडलं, विसाव्या मिनिटाला, फुगतोय का बघायला. हो, आणि या खेपेला बेकिंग पावडर दीडपट घातली. म्हटलं जास्त फुगेल.

सी-५०२: दोन कारणं तर तूच सांगितलीस की. पावडर जास्त झाली की केक भराभर वर येतो, पण आतलं अंडं-मैदा घट्ट व्हायच्या आधीच बुडबुडे मोठे होऊन फुटतात. मग वरचा भाग कशावर उभा राहणार? एका कप मैद्याला एक ते सव्वा छोटा चमचा, सपाट, एवढी पावडर पुरते. दार उघडलं की गरम हवा बाहेर जाते, आणि विसाव्या मिनिटाला मधला भाग अजून पातळच असतो. काचेतून बघ. अगदी राहवलंच नाही तर शेवटच्या पाच-सात मिनिटांत टूथपिक घालून बघ.

पण माझा खरा संशय ओव्हनवर आहे. मी वर्षभर अंड्यांना, मैद्याला, रेसिपी लिहिणाऱ्यांना, सगळ्यांना दोष दिला. शेवटी आत ठेवायचा छोटा थर्मामीटर आणला. बटण १८० वर आणि आत जेमतेम १५५! केक कच्चाच बाहेर यायचा, फक्त दिसायला भाजलेला. तेव्हापासून मी बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. तुझ्या ओव्हनला पंखा असेल तर मात्र उलटं, रेसिपीतल्या आकड्यातून साधारण २० अंश कमी करायचे.

डी-४०४: एवढं शास्त्र कशाला? आमच्या आईने आयुष्यात वजनकाटा वापरला नाही. सगळं अंदाजाने, आणि कधी बिघडलं नाही.

सी-५०२: अहो, भाजी चाखून वरून मीठ घालता येतं. केक एकदा आत गेला की हात बांधलेले. आणि कपाचं म्हणाल तर मी एकदा मुद्दाम करून बघितलं. मैदा चाळून चमच्याने हलका भरला तर कपात १२० ग्रॅम. तोच कप डब्यात खुपसून भरला तर १५०. कप तोच, रेसिपी तीच, आणि केक घशात अडकेल इतका कोरडा. हात बसलेल्याचा अंदाज चालतो हो, पण आमचा अजून बसायचाय.

बी-७०१: मधेच विचारते. पावडर संपली तर सोडा चालतो का?

सी-५०२: चालतो, पण मोजून. सोडा साधारण तिप्पट जोरकस, आणि त्याला जोडीला आंबट हवं: दही, ताक, लिंबू. नाहीतर केकला साबणाची चव येते. कोकोतही फसायला होतं. साधा कोको जरा आंबट असतो, सोड्याशी जमतं. पण डब्यावर अल्कली प्रक्रिया केल्याचं लिहिलं असेल तर आंबटपणा गेलेला असतो, मग पावडरच घाल. मी डबा न वाचता केला होता. घरच्यांनी एकेक घास खाऊन ‘छान आहे’ म्हटलं आणि दुसरा तुकडा कुणीच घेतला नाही.

ॲडमिन: सूचना: उद्या सकाळी टाकीची सफाई आहे, पाणी भरून ठेवा.

डी-४०४: बरं, आता विषय निघालाच आहे तर... मी गेल्या रविवारी पाव केला होता. विटेसारखा झाला. यीस्टसाठी पाणी चांगलं कडकडीत घेतलं होतं.

सी-५०२: अंदाजाने?

डी-४०४: अंदाजाने.

सी-५०२: यीस्ट जिवंत असतं हो, ६० अंशांपर्यंत टिकतच नाही. बोट सहज बुडवता येईल इतकं कोमट घ्या, ३५ ते ४०. थोडी साखर घालून दहा मिनिटं ठेवा. फेस आला तरच मैद्यात ओता. नाही आला तर मैदा तरी वाचतो.

डी-४०४: हे आधी कुणी सांगितलं नाही.

बी-१०१: काका, आधी तुम्ही विचारलं कुठे?

ए-२०३: (रविवार) काकू, थर्मामीटर आणला! १८० ला आत १६० दाखवतोय. मग बटण २०० वर नेलं, पावडर मोजून, दार बंद. खड्डा नाही! फक्त वरून डोंगरासारखा फुगून मधे चीर पडली.

सी-५०२: शाब्बास! चीर म्हणजे वरचा थर लवकर घट्ट झाला आणि आतला घोळ नंतर वर आला. थर्मामीटर तापमान स्थिर झाल्यावर वाचलास ना? पुढच्या वेळी बटण १० अंश खाली, आणि बाकी काहीही बदलू नकोस. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही. वहीत लिहून ठेव.

बी-१०१: म्हणजे आता क्रीम नाहीच का?